उरलेला शब्द

बोलण्याचे उपचार करणाऱ्या मॅडमनी शेळीचं चित्र पुढं धरलं आणि विचारलं, "काका, हे काय आहे?"

धुळा बंडगरांचा जन्म शेळ्या-मेंढ्यांमागं गेला होता. चित्र बघून ते ओळखीचं हसले. तोंडाची उजवी बाजू अजून ओघळलेलीच होती. ओठ जुळवायला त्यांना वेळ लागला, पण शब्द निघाला तो स्पष्ट निघाला.

"मायाक्का."

शेजारच्या खुर्चीवर त्यांची बायको मायाक्का बसली होती. तिनं डोईवरचा पदर पुढं ओढला. तिला वाटलं, तू सांग म्हणतायत. "शेळी हाय की ती," ती लाजून म्हणाली. तुम्ही सांगू नका, त्यांनाच बोलू द्या, असं मॅडमनी तिला समजावलं.

त्यांची लेक अंकिता भिंतीला टेकून उभी होती. ती फरशीकडं बघत राहिली.

संक्रांतीच्या आधी सांगोल्याकडच्या रानात तिच्या वडलांच्या, आण्णांच्या, अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून उजवा हात लोंबत होता आणि बोलण्यातला तेवढा एक शब्द उरला होता. लग्न झाल्यापासून त्यांनी बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं. घरात 'अगं', चारचौघांत 'अंकीची आई'. आता उजाडल्यापासून तेच नाव. तहान लागली तरी मायाक्का, कूस बदलायची झाली तरी मायाक्का. आई हातातलं टाकून 'आले' म्हणत धावायची. गिरणीवर बायकांना सांगायची, समदं इसरले, पर मला न्हाय इसरले. एवढ्या दुखण्यात आई उजळली होती.

अंकिता सोलापुरात मानसशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती. या सहामाहीत मेंदूचा पेपर होता. डाव्या मेंदूतली बोलण्याची जागा शिकवताना सरांनी सांगितलं होतं, की तिथं इजा झाली तर कधीकधी माणसाजवळ एखादाच शब्द उरतो. सांगायचं काहीही असो, बाहेर तोच पडतो. माणूस तो निवडत नाही. वर्गानं ते उतरवून घेतलं. अंकिताला उतरवता आलं नाही. तास संपल्यावर ती सरांना भेटली. उपचार लवकर सुरू केले तर बोलणं थोडंफार परत येतं, असं म्हणून त्यांनीच तिला सात रस्त्याजवळच्या या दवाखान्याचा पत्ता दिला. घरी तिनं फक्त उपचाराचं सांगितलं. बाकीचं सांगायला तिची जीभ रेटली नाही. आईला त्या चित्रांतलं काही कळणार नाही, अशी मनाची समजूत घालून ती दोघांना घेऊन आली होती.

मॅडमनी कपाचं चित्र दाखवलं. "मायाक्का." मग कंगवा. "मायाक्का." आण्णा जीव लावून उत्तरं देत होते. कुलपाचं चित्र आलं तेव्हा त्यांनी डाव्या हातानं हवेत किल्ली फिरवून दाखवली आणि म्हणाले, "मायाक्का."

आईचं हसू कंगव्यापर्यंत टिकलं. कुलपाच्या वेळी ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघायला लागली, तिथून आता दुसरं काहीतरी निघेल म्हणून वाट बघावी तसं. छत्रीलाही तेच निघालं. मग ती वळून लेकीला हळू आवाजात म्हणाली, "अंके, तुला ठावं व्हतं?"

अंकितानं होकारार्थी मान हलवली.

मॅडमचं त्यांच्याकडं लक्ष नव्हतं. त्या आण्णांचा खांदा थोपटत होत्या. यांना समजतंय सगळं, ही फार चांगली खूण आहे, असं त्या म्हणाल्या. या शब्दाचं काही मनावर घेऊ नका. तो आपोआप येतो, त्याला अर्थ नसतो. आपण हळूहळू त्याच्या जागी दुसरे शब्द बसवू, आठवड्यातून दोनदा घेऊन या. मग चित्रं गोळा करता करता त्यांनी सहज विचारलं, "पण मायाक्का कोण? घरातलं कुणी आहे का?"

अंकितानं तोंड उघडलं. पण आई आधी बोलली.

"देवी हाय आमची," ती म्हणाली. "चिंचलीची."

आण्णा तिच्याकडं बघत राहिले.

खाली रस्त्यावर ऊन चांगलंच तापलं होतं. आण्णांना दवाखान्याच्या ओट्यावर बसवून दोघी रिक्षाची वाट बघायला लागल्या. मागून आण्णांनी हाक मारली, "मायाक्का." आई रस्त्याकडंच बघत होती.

"आई, आण्णा बोलवत्यात तुला."

"तहान लागली आसंल." तिनं पिशवीतली बाटली काढून त्यांच्या ओठांना लावली. आण्णांनी तोंड मिटून घेतलं. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. त्यांनी डाव्या हातानं बाटली बाजूला सारली आणि आईच्या डोळ्यांत बघत पुन्हा म्हणाले, "मायाक्का."

आईनं पदरानं त्यांची हनुवटी पुसली.

"मग लघवीला जायाचं आसंल," ती अंकिताला म्हणाली. "बघ की हितं कुटं सोय हाय का."

आण्णांना तसलं काही नको होतं, हे अंकिताला दिसत होतं. पण आईनं तिच्याकडं असं पाहिलं, की ती सोय शोधायला निघाली. कोपऱ्यावर जाऊन तिनं मागं वळून बघितलं. आण्णा ओट्यावरून वाकून वाकून हाका मारत होते. आई त्यांच्या पायाशी उकिडवी बसली होती आणि मान खाली घालून त्यांच्या चपलेचा बंद लावत होती.