सवत

क्रेन फाटकातून आत आली, तरी मिस्त्री जनरेटरच्या फिल्टरमधली धूळ झटकतच होते.

"मामा, भंगारात जाणाऱ्याची कसली सर्व्हिसिंग करताय?" ठेकेदाराचा वायरमन दारातून म्हणाला. तो जनरेटरची केबल सोडवायला आला होता.

"शेवटची आंघोळ तर सगळ्यांनाच घालतात. तू तुझं काम कर बाबा."

वायरमन हसला आणि केबलचा माग काढत बाहेर गेला.

हा जनरेटर इस्पितळात आला तेव्हा त्याच्या अंगाला ताज्या रंगाचा वास येत होता आणि मिस्त्रींच्या डोक्यावर केस होते. तेव्हापासून तेल, फिल्टर, पट्टा, बॅटरीचं पाणी, काही म्हणजे काही चुकलं नाही. दर सोमवारी तो चालवून बघायचा, मग घरात लग्न असो की कुणाला ताप. वॉर्ड नव्या इमारतीत हलले तेव्हा केबलसाठी चर खणला गेला, तोही मिस्त्रींनी उभं राहून पाहिला होता.

त्यानंतर मात्र त्याला एक खोड लागली होती. धुराड्यातून काळं, चिकट तेल गळायचं. मिस्त्री डिझेलवाल्याच्या नावानं खडे फोडत आणि सायलेन्सर उतरवून काजळी खरवडत बसत. किती वीज जाते ते दाखवणारा लोडचा काटाही केव्हापासून शून्यावर पडून होता. मीटर बदलून द्या म्हणून साहेबांच्या मागे लागून ते थकले आणि शेवटी त्यांनी नाद सोडला. खोलीला खिडकी नव्हती. हँडल ओढलं आणि डोक्यावरचा बल्ब पेटला, की वॉर्ड उजळले असं समजायचं.

"वीज कधी जाते ते आम्हाला कळतसुद्धा नाही," सिस्टर म्हणायच्या. जनरेटर सुरू करून हँडल ओढेपर्यंत निदान मिनिटभर तरी जायचं. पण कौतुक कुणाला नको असतं? मिस्त्री नुसते हसायचे.

बायको जनरेटरला सवत म्हणायची. "सवतीचं तेल बदललंत, आता माझ्या चष्म्याची काच तेवढी बदला." तिचं बोलणं तिरकस होतं, पण मिस्त्री निघाले की डबा दारात तयार असायचा.

ती आजारी पडली आणि याच इस्पितळात, नव्या इमारतीतल्या वॉर्डात आली. शेवटी शेवटी श्वासही यंत्रच देत होतं. बोलता येत नव्हतं. मिस्त्रींचा अंगठा मुठीत धरून ती पडून राही. त्या दुपारी वादळ सुटलं. वॉर्डातले दिवे एकदा मिटून उघडले आणि रस्त्यापलीकडची दुकानं अंधारात गेली. मिस्त्रींनी पुढचं काही पाहिलं नाही. श्वासाच्या यंत्राची बॅटरी फार वेळ पुरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. वॉर्डात अशी यंत्रं आणखीही होती. त्यांनी तिच्या मुठीतून अंगठा सोडवला.

"आलोच," ते म्हणाले.

"बाबा, आत्ता नका ना जाऊ," मुलगी मागून ओरडली.

जनरेटर पहिल्या हाकेला उठला. बल्ब पेटला. चालू जनरेटर सोडून जायचं नाही हा मिस्त्रींचाच नियम, म्हणून लाइन येईपर्यंत ते तिथंच उभे राहिले. वर गेले तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती.

"आई दाराकडे बघत होती," मुलगी एवढंच म्हणाली. त्यानंतर ती बापाशी कामापुरतंच बोलायची. मिस्त्रींनीही कधी सफाई दिली नाही. पण सोमवारी जनरेटर चालवताना त्यांचं लक्ष आपल्या अंगठ्याकडे जाई.

"बाबा."

मिस्त्रींनी मान वर केली. दारात मुलगी उभी होती. हातात थर्मास. या खोलीत ती कधी आली नव्हती.

"चहा आणलाय. आज याला नेणार असं कळलं."

मिस्त्रींनी घाईघाईनं स्टूल पुसून पुढे सरकवलं. ती बसली. जनरेटरकडे बघत राहिली.

"सासूबाई मागच्या महिन्यात इथं होत्या," ती म्हणाली. "शेजारच्या खाटेवर एक बाळ होतं, यंत्रावर. बाहेर वीज गेली, तशी त्याच्या आईनं माझा हातच पकडला. एवढी थरथरत होती बिचारी. पण दिवे काही गेले नाहीत." तिनं चहा ओतला. "तेव्हा कळलं मला, तुम्ही त्या दिवशी का उठलात. आईजवळ मी होते. बाकीच्यांजवळ तुम्ही होतात."

 मिस्त्रींनी कप जनरेटरवर ठेवला.

"ती दाराकडे बघत होती ना गं?"

"बघत होती. पण उजेडात बघत होती, बाबा. तुम्ही तिला अंधारात नाही जाऊ दिलंत."

तिनं त्यांचा तेलकट हात आपल्या हातात घेतला. इतक्या वर्षांत रडू आलं नव्हतं, ते आता आलं. मिस्त्रींनी ते आवरलं नाही. मुलगीही रडत होती, आणि दोघांनाही हलकं वाटत होतं.

तेवढ्यात वायरमन परत आला. त्याचे हात कोपरापर्यंत चिखलानं माखले होते.

"मामा, ही केबल तोडली कधी?"

"तोडली कुठं? नव्या इमारतीत जाते ना ती."

"कसली जाते! भिंतीपलीकडे चरातच संपलीय. टोकाला टेप गुंडाळून पुरून टाकलीय. तिकडे जोडलीच नव्हती कुणी."

"मग वॉर्ड कशावर चालतात?"

"नव्या इमारतीला पहिल्यापासून विजेच्या दोन वेगळ्या लाइनी आहेत. एक गेली की दुसरी आपोआप सुरू होते, कुणाला हातसुद्धा लावावा लागत नाही." वायरमननं मनगटानं घाम पुसला आणि वर बघितलं. "तुमच्या जनरेटरवर हा एवढा एक बल्ब होता."