फळीवरचं नाव

“फळीवर नाव कुठं हाये?” श्रावणभाऊंनी विचारलं.

गजालानं नुकतीच ती सागवानी फळी टेबलावर ठेवली होती. वर ‘वऱ्हाड बुद्धिबळ किताब’ असं कोरलेलं, खाली वर्ष, मधली जागा मोकळी. अमरावतीला तिचं लाकूड कातायचं, खरादकामाचं दुकान होतं. अकोल्याच्या या स्पर्धेसाठी अकरा वर्षं फळी तिच्याकडूनच यायची, लाकडी मोहरेही तिच्याकडूनच. आणि अकराही वर्षं, स्पर्धेच्या आधीच, श्रावणभाऊ फोनवर सांगायचे, “नाव नेहमीचंच टाका.” नेहमीचं म्हणजे भगवंतरावांचं.

“डाव झाल्यावर कोरते,” गजाला म्हणाली आणि पटासमोरच्या खुर्चीत बसली.

पलीकडे भगवंतराव बसले होते. ते हसले. “मोहरे बनवनं अलग, खेळनं अलग, गजालाबाई. मालूम हाये ना?”

“मालूम हाये. म्हणून तर यंदा इथं बसली.”

श्रावणभाऊ संयोजक होते आणि पंचही. त्यांनी नियम वाचून दाखवला. हा अंतिम डाव बरोबरीत सुटला तर किताब जुन्या विजेत्याकडेच राहील. म्हणजे भगवंतरावांना न हरणं पुरेसं होतं. गजालाला जिंकावंच लागणार होतं.

बाविसाव्या चालीला तिनं आपला वजीर देऊन त्यांचा वजीर मारला. सभागृहात कुजबूज झाली. भगवंतरावांनी लगेच हात पुढे केला. “बरोबरी?”

“नाही.”

तिच्याकडे एक प्यादं जास्त होतं. मोठे मोहरे गेले, पट रिकामा झाला, की एक प्यादंही भारी पडतं. ती एकेक मोहरा मारामारीत घालवत गेली आणि त्यांचाही घेत गेली. तासाभरानं त्यांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा नाही म्हणाली.

तिसऱ्या तासाला पटावर तिघंच उरले. तिचा राजा, तिचं प्यादं आणि भगवंतरावांचा एकटा राजा. तिच्या घड्याळात चाळीस सेकंद होते. तिनं प्यादं शेवटच्या घरात सरकवलं.

लोक उठून उभे राहिले.

या सभागृहाची एक रीत होती. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की समोरच्यानं मेलेल्या मोहऱ्यांतला वजीर उचलून स्वतःच्या हातानं द्यायचा. घेणाऱ्यानं तो मान म्हणून घ्यायचा. आजवर कोणी नाकारला नव्हता. आणि खेळाचा नियम असा, की त्या वेळी घेणाऱ्याचा हात ज्या मोहऱ्याला लागेल तोच पटावर ठेवावा लागतो.

भगवंतरावांनी वजीर उचलून तिच्यापुढे धरला. “घ्या. तुमच्याच हातचा हाये.”

गजालाचा हात निम्म्यावर थांबला. ती वजिराकडे बघत नव्हती. ती त्यांच्या राजाकडे बघत होती. राजा पटाच्या उजव्या कडेला होता. त्याच्याभोवतीची काही घरं तिच्या राजानं धरली होती. वजीर ठेवला तर तो सरळ चालून शेवटच्या ओळीतली घरं धरेल आणि तिरपा चालून उरलेलं एकमेव घरही धरेल. मग त्या राजाला शह नाही, पण हलायला जागाही नाही. असं झालं की डाव बरोबरीत सुटतो.

वजीर अजून तिच्यापुढे होता. भगवंतरावांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

“घे ना बाई! काहून थांबली?” मागून हिवरखेडचा कोणी ओरडला.

“वजीर काय रोज भेटते का!” दुसरा म्हणाला.

वजीर खरादीवर चढवायचा तर अर्धा तास जातो. त्याच्या मुकुटाचे दाते एकेक करून काढावे लागतात. हत्ती पाच मिनिटांत होतो.

“वजीर राहू द्या तुमच्यापाशी,” गजाला म्हणाली. “मले हत्ती पाहिजे.”

सभागृहात हशा पिकला. “अवं, वजीर सोडून हत्ती!”

भगवंतराव हसले नाहीत. त्यांचा हात तसाच पुढे राहिला. त्या हाताला वळसा घालून गजालानं त्यांच्या कोपराजवळचा हत्ती उचलला आणि प्याद्याच्या जागी ठेवला.

हत्ती फक्त सरळ चालतो. त्यामुळे तिरपं घर मोकळं राहिलं होतं. एकच. भगवंतरावांनी बराच वेळ पटाकडे पाहिलं आणि डाव्या हातानं राजा त्या घरात सरकवला. दुसरी चालच नव्हती.

गजालानं हत्ती उचलला आणि त्याच ओळीनं कोपऱ्यात नेऊन ठेवला.

“शह.”

राजानं कुठं जावं? मागे हत्तीची वाट, पुढेही तीच वाट, बाजूला तिचा राजा. हसणारे आता एकमेकांच्या खांद्यावरून पट बघू लागले. श्रावणभाऊ वाकून घरं मोजायला लागले. दोनदा मोजली.

“मात हाये, श्रावणभाऊ,” गजाला म्हणाली. “किती खेपा मोजान?”

तिच्या घड्याळात नऊ सेकंद उरले होते.

भगवंतरावांनी वजीर खाली ठेवला. त्यांच्या तळव्यावर मुकुटाचे दाते उमटले होते. त्यांनी फळी जवळ ओढली आणि मधल्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं.

“कोरायची पटाशी आणली का संगं?”

“सकाळपासून पिशवीतच हाये.”