खड्डे न पडणारा चंद्र

गोटी टुणकन उडाली आणि टेबलाखाली गेली. चंद्रावर जेमतेम नखाएवढा ठसा.

चंद्र म्हणजे ट्रेमध्ये चार बोटं मैदा आणि वर कोको पावडरचा पातळ थर. उंचावरून गोटी सोडायची, खड्डा पडायचा, पट्टीने मोजायचा. वर्गातल्या बाकीच्या टेबलांवर पांढरेशुभ्र खड्डे पडत होते आणि पोरं नाचत होती. इथे चौथी गोटीही उडून गेली.

"असं कसं?" गवंडी पुटपुटला. त्याने पुन्हा तळव्याने मैदा दाबला, पट्टी फिरवून घोटला, एक डोळा मिटून पातळी पाहिली. वीस वर्षं गिलाव्याची कामं केलेला माणूस तो. उंचसखल काही दिसलं की त्याच्या हाताला चैनच पडत नसे.

प्रत्येक गटाला मदतीला घरचं एक मोठं माणूस हवं होतं. या गटातल्या एका पोरीच्या आईला सुट्टी मिळाली नाही, म्हणून तो आला होता. तिच्या आईशी त्याचं लग्न होऊन आठ महिने झाले होते, आणि आठ महिन्यांत पोरीने त्याला कसलीच हाक मारली नव्हती. फोनवर कोणी विचारलं तर सांगायची, "आई नाहीये. ते आहेत." बिचारा घरभर 'ते' होऊन वावरत होता. आज चारचौघांत तरी ती आपल्याला काहीतरी म्हणेल, एवढ्या एका आशेवर त्याने हातातलं काम सोडून शाळा गाठली होती. तर दारातच तिने बजावलं, "तिथे उगाच बोलू नका हं." म्हणून तो बोलला नाही. नुसता दाबत राहिला.

"बाई, यांनी तर चंद्राला प्लॅस्टर केलंय!" गटातला जाड्या ओरडला. अख्खा वर्ग खिदळला.

पोरीचे कान लालबुंद झाले. गवंड्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. झक मारली आणि आलो, असं त्याला वाटलं. हात मैद्याने बरबटलेले, पुसायला रुमालही नाही. तो एकदा घड्याळाकडे बघे, एकदा दाराकडे.

बाई आल्या. त्यांनी ट्रेवर बोटाने टकटक केलं आणि हसू कसंबसं आवरलं. "अहो, मैदा भुसभुशीत ठेवायचा असतो. असू दे. प्रयोग फसला तर का फसला, तेही लिहायचं असतं." त्यांनी वही पोरीपुढे सरकवली. "तू लिही."

पोरीने हाताचा आडोसा करून लिहायला घेतलं. गवंड्याचा जीव टांगणीला लागला. वहीत नुसतं 'ते' लिहून भागणार नव्हतं. ते कोण, हे सांगावंच लागणार होतं. काय लिहील? आईचा नवरा? एक काका? त्याने मान लांब केली, तसं तिने कोपर आणखी पुढे घेतलं. एक ओळ लिहिली, खोडली, परत लिहिली. जाड्या डोकवायला लागला, त्याला तिने ढकलून दिलं.

शेवटी बाईंनीच वही उचलली आणि मोठ्याने वाचली.

"चंद्राला खड्डे पडले नाहीत, कारण तो माझ्या बाबांनी केला आहे. त्यांनी केलेल्या भिंतींनासुद्धा कधीच पडत नाहीत."