सोनीच्या मापाचा फ्रॉक

एकोणनव्वदच्या जूनमध्ये प्रमोद आणि अरुणाने कीर्तीला चौथीसाठी मुंबईला काकाकडे ठेवलं. कंपनीने क्वार्टर दिलं होतं, पगारही चांगला होता, पण सिल्वासात राहून पोरीचं शिक्षण काय होणार, असं सगळेच म्हणत होते.

दुपारी कीर्तीची रिकामी जागा बघवेना, म्हणून अरुणा भांडी घासायला येणाऱ्या मंजुळाबाईच्या सोनीला तिथे जेवायला बसवू लागली. सोनी आणि कीर्ती एकाच वयाच्या. दोघींना एकच फ्रॉक व्हायचा.

दिवाळीत स्कॉलरशिपचा क्लास निघाला आणि कीर्ती आलीच नाही. आता मे महिन्यात येणार म्हणून अरुणाने सोनीला समोर उभं केलं, तिच्या अंगाचं माप घेतलं आणि हौसेने पिवळा फ्रॉक शिवला.

कीर्ती आली. फ्रॉक खांद्यावरून घसरला, कमरेत चार बोटं सैल पडला.

"माप चुकलं का वो, ताई?" मंजुळाबाईने विचारलं.

"चुकेल कसं? सोनीला तर नीट बसला होता," टाचण्या शोधत अरुणा म्हणाली. "कीर्ती, काकू जेवायला देते ना गं?"

"देते की. मलाच जात नाही."

एवढं बोलून कीर्ती स्वयंपाकघराकडे बघत राहिली. तिथे आपल्या नेहमीच्या जागेवर बसून सोनी वरणभात खात होती.



"आई, सोनी रोज तुझ्या हातचं जेवते?"