ताई येईपर्यंत

"ताई येईपर्यंत बोलत राहायचं. मी खूण केल्याशिवाय खाली बसायचं नाही," विरोधी पक्षाचे प्रतोद सभागृहात आमदार मास्तरांच्या कानाशी कुजबुजले.

मास्तरांनी मान हलवली.

त्यांच्या गावच्या रुग्णालयातला प्रसूती विभाग बंद करायचं सरकारने ठरवलं होतं. तो बंद करू नये, असा विरोधकांचा ठराव आज मतदानाला यायचा होता. पक्षाची माणसं मोजूनमापून सभागृहात बसवणं हे प्रतोदांचं काम, आणि त्यांच्या हिशेबात एक मत कमी पडत होतं. ते पक्षातल्या ताईंचं. ताई वाटेत आहेत, असं प्रतोदांनी सकाळीच सांगितलं होतं.

मास्तरांच्या लेकीला आठवा महिना लागला होता. विभाग बंद झाला, तर ऐन वेळी तिला डोंगर उतरून शहरात न्यावं लागणार होतं. वाटेत काय होईल, याचा विचार करायचंही ते टाळत होते.

मास्तरांना आपला दोषही ठाऊक होता. ते उभे राहिले की आकडे सांगत, आणि आकडे सुरू झाले की माणसं उठत. म्हणून लेकीने आठवडाभर त्यांची तयारी करून घेतली होती.

"बाबा, हल्ली सिनेमा आणि मालिकांशिवाय कुणी ऐकतं का? तुमच्या सभागृहात डायलॉग मारतो त्याचीच बातमी होते."

"अगं, मला ते शोभेल का?"

"नाही शोभणार. म्हणूनच लोक हसतील."

अध्यक्षांनी नाव पुकारलं. मास्तर उठले. समोरच्या बाकांवरून लगेच खुर्च्या सरकल्याचे आवाज आले.

"अध्यक्ष महाराज," मास्तर म्हणाले, "मंत्री तीन वर्षं सांगताहेत, डॉक्टर निघालेत. आमच्या घरी रोज एक मालिका लागते. तिच्यातला नवराही तीन वर्षांपूर्वी विमानतळावरून निघालाय. सासू दोनदा मरून परत आली, पण तो काही घरी पोचला नाही!"

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं सभागृह खदखदलं. दाराशी गेलेले दोघे-तिघे तिथेच थबकले.

"सिनेमातले पोलीस मारामारी संपल्यावर का होईना, येतात. आमची रुग्णवाहिका येते, तेव्हा मूल चालत जाऊन तिचं दार उघडतं!"

"मास्तर, एवढे दिवस कुठे लपला होतात?" सत्ताधारी बाकांवरून आरोळी आली. बाहेर गेलेली मंडळी परतू लागली. खुद्द मंत्री हसताना रुमाल शोधत होते.

मास्तरांनी प्रतोदांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोन्ही तळवे खाली दाबत ते काहीतरी सुचवत होते. सावकाश, पुरवून पुरवून वापरा, असंच असणार. बरोबरच होतं. ताईंचा अजून पत्ता नव्हता.

पण पुरवायला उरलं काय होतं? लेकीने शिकवलेलं संपलं. मास्तरांनी स्वतःच्या डोक्याने एक विनोद केला. कुणी हसलं नाही. दुसऱ्याला कुणीतरी जांभई दिली. कानशिलं तापली आणि सवयीने ते आकड्यांवर घसरले. खाटा, परिचारिका, तालुकावार जन्म, मागच्या दशकाशी तुलना.

"झालं, मूळपदावर आले!" समोरून कुणीतरी म्हणालं. "चला, आता तासाभराची निश्चिंती."

बाकं रिकामी होत गेली. मान वर करायचीही मास्तरांना लाज वाटू लागली. आलेला डाव हातचा घालवला होता. तरी ते बोलत राहिले, कारण खाली बसलं की सगळंच संपणार होतं. मध्येच पाहिलं, तर प्रतोद कपाळावरचा घाम पुसत हसत होते. ताईंची गाडी आवारात शिरली असावी.

शेवटी खूण झाली. मास्तर मटकन खाली बसले.

प्रतोदांनी लगेच मतदान मागितलं. घंटा वाजली, थांबली, आणि शिपायांनी रिवाजाप्रमाणे दारं आतून लावून घेतली. आता येणं नाही, जाणं नाही. तेवढ्यात बाहेरून दारावर धडाधड थापा पडू लागल्या.

मास्तरांनी दचकून दाराकडे पाहिलं. ताई बाहेर राहिल्या!

शिरगणती झाली. अध्यक्षांनी वाचलेले आकडे त्यांना ऐकूच आले नाहीत. कानात शिरला तो एकच शब्द: "मंजूर."

त्यांनी डोळे मिटून घेतले. कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास घेता आला. दारावर कोण का असेना, ताई वेळेत आत आल्या होत्या.

बाहेर येताच लेकीचा फोन आला. ती हसत होती की रडत होती, कळेना.

"बाबा, सुरुवात काय झकास केलीत! मग मात्र टीव्हीसमोरच माझा डोळा लागला हो. आईने ओरडून उठवलं, विभाग राहिला म्हणून!"

"झोप आता निवांत," मास्तर म्हणाले.

व्हरांड्यात सत्ताधारी सदस्य हातात चहाचे पेले घेऊन शिपायाशी तावातावाने भांडत होते. त्यांना वळसा घालून मास्तर प्रतोदांपाशी पोचले.

"ताई कुठे आहेत हो? एकदा त्यांचे पाय धरू द्या. मी भाषणाची माती केली, पण त्या वेळेवर आल्या."

प्रतोदांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"ताई परवापासून दवाखान्यात आहेत, मास्तर. त्या येणार असत्या, तर बोलायला तुम्हाला कशाला उभं केलं असतं?"