पुकारा

शिपाई हळूच जवळ आला. "ताई, चला. तुमचा नंबर."

क्षिप्रा बाकावरून हलली नाही. "तीनदा नाव पुकारतात. मग आत जायचं," भिंतीकडे बघत ती म्हणाली. वकील सुमेधाताईंनी तिच्याकडून हे आठवडाभर घोकून घेतलं होतं.

आता घ्या! बेलापूरच्या कोर्टात न्यायाधीश मॅडमनी आज खास तिच्यासाठीच पुकारा बंद ठेवला होता. तिला ऑटिझम आहे, आरडाओरडा सोसत नाही, म्हणून. करकरणारा पंखा बंद केला, गर्दी बाहेर काढली, वकिलांना काळे कोट उतरवायला लावले. एवढं सगळं केलं, पण ते क्षिप्राला सांगायचं मात्र सगळेच विसरले.

आत तिचा भाऊ निशांत उभा होता. आई गेली, आता खारघरचा फ्लॅट बंद करून बहिणीला संस्थेत ठेवू द्या, असा त्याचा अर्ज होता. उघड्या दारातून त्याचा आवाज आला, "बघा मॅडम, हिला साधं आत यायचं कळत नाही. ही एकटी काय राहणार?"

मॅडम खुर्चीतून उठल्या आणि स्वतः दारापर्यंत आल्या.

"क्षिप्रा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "क्षिप्रा. क्षिप्रा."

ती लगेच उठली. जेवायला आई अशीच हाक मारायची. आई गेल्यापासून दूधवाला तिला मॅडम म्हणायचा, सुमेधाताई बाळ म्हणायच्या, आणि भाऊ नुसतंच 'ही'.

"कुठे राहायचंय तुम्हाला?"

"घरी."

"एकटीला जमेल?"

"जमतं. कुकर लावते. रात्री कडी लावते. दादा येत नाही, तरी जमतं."

निशांत उगाच खिशातला फोन चाचपू लागला.

मॅडमनी अर्ज फेटाळला आणि तिला सोप्या शब्दांत सांगितलं, "घर तुमचंच आहे. तिथेच राहायचं."

सुमेधाताईंनी डोळे पुसले. "आता हिचं हिनेच बघावं," म्हणत निशांत जिना उतरून गेलासुद्धा. क्षिप्रा मात्र जागची हलेना.

"पुढची तारीख?" तिने विचारलं.

"आता तारीख नाही," मॅडम हसल्या. "केस संपली. पुन्हा इथे यायला नको."

घर राहिलं याचा तिला आनंद झाला होता, अगदी मनापासून झाला होता. तरी ती दारातल्या शिपायाकडे बघत राहिली.

"मग माझं नाव कोण पुकारणार?"