शिळेखालचं पाणी

"काकीसा, मी नुसती पडकी घरं बघायला आलोय," पाहुणा म्हणाला.

"बघ की. एखादं छप्पर सापडलं तर मलाही दाखव," म्हणत धापू काठी घेऊन त्याच्या मागे निघाली. वाळवंटातल्या त्या टेकडीवर, ओसाड गावात, एका शिळेखालच्या टाक्यात तिच्या वस्तीचं सगळं पाणी होतं.

पाहुणा थेट त्याच शिळेपाशी थांबला.

"कुणी सांगितलं रे तुला?"

"आजीनं. ती याच गावची."

म्हणजे पाण्याचा मूळ धनी आला! धापूनं काठी घट्ट धरली.

पाहुण्यानं जोडे काढले, शिळा सरकवली आणि पोहरा तिच्यापुढे ठेवून तो खाली बसला. "आजी सांगायची, पाणी धन्यानं ओतायचं, पाहुण्यानं ओंजळ धरायची."

त्यानं ओंजळ पुढे केली.

धापूनं काठी टाकली आणि पोहरा टाक्यात सोडला.